पहिला ईसीजी ‘नॉर्मल’ आला, तर पेशंटला घरी सोडायचं का?

प्रश्न चाकणजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरांचा आहे. कंपनीतला ४२ वर्षांचा कामगार, छातीत जळजळ होतेय आणि घाम फुटलाय म्हणून आला. ईसीजी काढला, मशीनने ‘नॉर्मल’ छापलं. नातेवाइकांचं म्हणणं, गॅसच आहे, एक इंजेक्शन द्या, घेऊन जातो. अशा वेळी एका ईसीजीवर किती विसंबायचं, आणि कार्डिओलॉजिस्ट हाताशी नसताना पट्टीत नेमकं काय बघायचं?

सोडू नका. छातीतली जळजळ आणि घाम एकत्र असतील तर गॅस हे निदान सगळ्यात शेवटी, बाकी सगळं तपासून झाल्यावर करायचं. ईसीजीची एक पट्टी म्हणजे हृदयाचे दहा सेकंद. नेहमीच्या मांडणीत एकेका लीडच्या (हृदयाकडे बघणाऱ्या बारा कोनांपैकी एकाच्या) वाट्याला तर अडीचच सेकंद येतात. कोरोनरीतली (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिनीतली) गुठळी मात्र तासन्‌तास बदलत असते. रक्तवाहिनी बंद होते, थोडी मोकळी होते, परत बंद होते. मोकळी असताना काढलेला ईसीजी अगदी स्वच्छ दिसू शकतो. म्हणून पट्टी हातात आली की स्वतःला विचारायचं: या क्षणी एखादी कोरोनरी बंद आहे का, किंवा नुकतीच बंद होऊन उघडली आहे का? एसटी (ठोक्याच्या मोठ्या लाटेनंतरचा रेघेचा तुकडा) किती मिलिमीटर वर गेली हा त्या प्रश्नाकडे जायचा एक रस्ता आहे, एवढंच.

पहिला ईसीजी पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत काढून, डॉक्टरने बघून व्हायला हवा. केसपेपर, डिपॉझिट, आधार कार्ड हे सगळं नंतर. कुणाचा काढायचा याबाबत हात आखडता घेऊ नका. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दुखणं, दडपण, जळजळ. अचानक दम लागणं. कारण नसताना उलटी आणि दरदरून घाम. चक्कर येऊन पडणं. मधुमेही, वयस्कर आणि बायका यांच्यात छातीत दुखेलच असं नाही. ‘पाठीत भरून आलंय’, ‘हात गळून गेलेत’, ‘पित्त उसळलंय’ अशाच शब्दांत तक्रार येते. आपल्याकडे हा आजार तरुण वयात येतो, तेव्हा पस्तिशीचा पेशंट दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता ईसीजी काढण्याबद्दल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण छोट्या कॅज्युअल्टीत निम्मा घोळ इथेच होतो आणि नंतर कितीही हुशारीने वाचलं तरी तो निस्तरत नाही. छातीवर व्ही-१ ते व्ही-६ अशा सहा लीड्स लागतात. व्ही-१ आणि व्ही-२ चौथ्या बरगड्यांच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या आणि डाव्या कडेला लागतात. अंदाजाने लावले की ते हमखास दोन बोटं वर जातात. गळ्याच्या खाचेतून बोट खाली सरकवत या, हाडावर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिच्या खालची फट दुसरी, तिथून मोजत चौथीपर्यंत उतरा. मग व्ही-४ पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली सोडलेल्या रेषेवर. व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ च्या मधोमध. व्ही-५ आणि व्ही-६ हे व्ही-४ च्याच आडव्या पातळीत, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. बरगडीच्या वळणाबरोबर वर चढवायचे नाहीत. बाईपेशंट असेल तर आडोसा करा, नर्सला सोबत घ्या आणि व्ही-४ स्तनाच्या खाली लावा. संकोचापोटी वरच्या वर लावलेल्या लीड्समुळे चुकीचं निदान होणं हे पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

व्ही-१, व्ही-२ वर गेले की आर लाट (ठोक्याच्या मोठ्या लाटेचं वर जाणारं टोक) पुढच्या लीड्समध्ये वाढत नाही असं दिसतं आणि जुना पुढच्या भिंतीचा अटॅक असल्याचा भास होतो. ओळखायची खूण अशी: व्ही-१ मधली पी लाट (ठोक्याच्या सुरुवातीची छोटी लाट) पूर्ण उलटी आणि व्ही-२ मधली पीसुद्धा उलटी किंवा अर्धी वर-अर्धी खाली असेल, तर आधी लीड्स खाली घ्या आणि परत काढा. उरलेल्या सहा लीड्स (वन, टू, थ्री, एव्हीआर, एव्हीएल, एव्हीएफ) हातापायांच्या क्लॅम्पवरून मिळतात. हातांचे क्लॅम्प अदलाबदल झाले तर लीड वन संपूर्ण उलटा येतो आणि एव्हीआर सरळ. लीड टू जवळजवळ सपाट रेघ आला, तर उजवा हात आणि उजवा पाय यांच्या वायरी बदलल्या आहेत.

रबरी बल्ब वापरत असाल तर जेली प्रत्येक जागी वेगळी, रुपयाच्या नाण्याएवढी लावा. छातीवर एकच लांब पट्टा ओढला की सहाही लीड्स एकमेकांना जोडल्या जातात आणि सगळ्यांत सारखंच चित्र येतं. घामाने ओलं अंग आधी कोरडं पुसा, दाट केस असतील तर तेवढी जागा रेझरने साफ करा. पहिला ईसीजी झाल्यावर सहाही जागा पेनाने गोल करून ठेवा. पुढचा ईसीजी त्याच खुणांवर निघाला तरच दोन्हींची तुलना खरी.

मशीनचं सेटिंग एकदा स्वतः उघडून बघा. वेग सेकंदाला २५ मिलिमीटर, उंची एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर, आणि मेन्सचा फिल्टर ५० हर्ट्‌झ. खालचा फिल्टर ०.०५ हर्ट्‌झवर हवा. बेसलाइन हलू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी तो ०.५ वर टाकून ठेवलेला असतो; पट्टी देखणी येते, पण एसटी खोटी वर-खाली होऊ शकते. पेशंट कुडकुडत असेल तर फिल्टर वाढवण्यापेक्षा पंखा बंद करा, चादर द्या, हात मांडीजवळ सैल ठेवायला सांगा.

वाचताना सुरुवात मशीनच्या छापील निदानाने करू नका. तो मजकूर अंगठ्याखाली झाकला तरी चालेल. ‘नॉर्मल’ छापलेल्या पट्टीत बंद कोरोनरी निघते आणि ‘अॅक्यूट एमआय’ (ताजा हार्ट अटॅक) छापलेली पट्टी नुसत्या थरथरीची असते, दोन्ही होतं.

क्यूआरएस (ठोक्याची मोठी लाट) संपून एसटी सुरू होते त्या जे पॉइंटवर मोजायचं, आणि क्यूआरएस सुरू होण्याआधीच्या रेघेशी तुलना करायची. शेजारशेजारच्या दोन लीड्समध्ये १ मिलिमीटर किंवा जास्त एसटी वर असेल तर स्टेमी, म्हणजे एसटी वर गेलेला हार्ट अटॅक. व्ही-२ आणि व्ही-३ यांना वेगळे आकडे आहेत, कारण निरोगी माणसातही तिथे एसटी थोडी वरच असते: चाळिशीपुढच्या पुरुषांत २, चाळिशीच्या आतल्या पुरुषांत २.५ आणि बायकांत दीड मिलिमीटर. टू, थ्री, एव्हीएफ म्हणजे खालची भिंत. व्ही-१ ते व्ही-४ पुढची. लीड वन, एव्हीएल, व्ही-५, व्ही-६ बाजूची. हे आकडे पाठ हवेतच. पण फक्त आकड्यांवर थांबलात तर बऱ्याच बंद रक्तवाहिन्या हातून निसटतील.

उदाहरण म्हणून अशी पट्टी समोर धरा. लीड थ्रीमध्ये क्यूआरएस जेमतेम चार मिलिमीटरचा, एसटी पाऊण मिलिमीटर वर. नियमात बसत नाही. पण तिची टी लाट (एसटीनंतरची लाट) क्यूआरएसपेक्षा उंच आणि बुडाला रुंद आहे. आता नजर एव्हीएलकडे न्या. तिथे एसटी किंचित खाली घसरतेय आणि टी उलटी झालीय. एव्हीएल ही लीड थ्रीच्या जवळपास विरुद्ध दिशेने बघते, त्यामुळे खालच्या भिंतीत काही सुरू झालं की पुष्कळदा सगळ्यात आधी इथेच दिसतं. मशीन यावर ‘नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’ छापून मोकळं होईल. तुमच्यासाठी मात्र ही खालच्या भिंतीच्या अटॅकची सुरुवात आहे, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. पेशंटला मॉनिटरवर घ्या आणि दहा मिनिटांत परत ईसीजी काढा. टी लाट मोठी की लहान हे नेहमी त्याच लीडच्या क्यूआरएसशी ताडून ठरवायचं.

खालच्या भिंतीचा अटॅक दिसला की उजव्या बाजूच्या लीड्स काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्ही-४ ची वायर उचलून छातीच्या उजव्या बाजूला त्याच जागी लावा आणि पट्टीवर पेनाने ‘व्ही-४ आर’ लिहा. तिथे अर्धा मिलिमीटर एसटी वर असेल (तिशीच्या आतल्या पुरुषांत एक) तर उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) अडकलंय. लीड थ्रीमधली एसटी लीड टूपेक्षा जास्त वर असणं हाही त्याकडेच बोट दाखवतं. या पेशंटला जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) दिली की बीपी धाडकन खाली येऊ शकतं. आणि आपल्याकडे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घरीच गोळी जिभेखाली ठेवून आणलेलं असतं, म्हणून आल्या आल्या विचारा: कुठली गोळी दिली, किती वाजता. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्राच्या जातीची) गोळी गेल्या दिवसभरात घेतली आहे का हेही नातेवाइकांना बाजूला काढून पेशंटला विचारा. टॅडालाफिल असेल तर दोन दिवस मागेपर्यंत.

मागच्या भिंतीचा अटॅक बारा लीड्समध्ये थेट दिसतच नाही. दिसते ती त्याची उलटी छाया: व्ही-१ ते व्ही-४ मध्ये एसटी खाली, टी सरळ, आर लाट उंच होत चाललेली. एसटी डिप्रेशन म्हणजे ‘नुसता इस्केमिया’ (रक्तपुरवठा कमी पडणं) म्हणून या पेशंटला सकाळपर्यंत वॉर्डात ठेवलं जातं आणि तोवर सर्कमफ्लेक्स या कोरोनरीच्या भागातला स्नायू मेलेला असतो. पेशंटला कुशीवर वळवा. व्ही-४, व्ही-५, व्ही-६ च्या वायरी काढून मागे लावा: पहिली काखेच्या मागच्या रेषेवर, दुसरी खांद्याच्या पात्याच्या टोकाखाली, तिसरी मणक्याच्या डाव्या कडेला, तिन्ही व्ही-६ च्याच पातळीत. या व्ही-७, व्ही-८, व्ही-९ मध्ये अर्धा मिलिमीटरसुद्धा पुरतो. चाळिशीच्या आतल्या पुरुषांत एक. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी दोन नमुने डोळ्यांत बसवून घ्या. पहिला डी विंटर, २००८ साली वर्णन झालेला. छातीच्या लीड्समध्ये जे पॉइंट एक मिलिमीटरहून जास्त खाली, तिथून एसटी तिरकी वर चढते आणि उंच, दोन्ही बाजूंनी सारख्या टी लाटेत मिसळते. एसटी वर नाही, तरीही एलएडी (पुढच्या भिंतीची मुख्य कोरोनरी) बंद आहे. हालचाल स्टेमीसारखीच करायची. दुसरा वेलन्स, १९८२ पासून माहीत असलेला आणि फसवा, कारण ईसीजी काढताना पेशंटला काहीच दुखत नसतं. ‘मघाशी खूप दुखलं, आता बरं वाटतंय’ असं तो सांगतो आणि व्ही-२, व्ही-३ मध्ये टी लाट वर जाऊन एकदम खाली येते किंवा पूर्ण खोल उलटी असते. एलएडी तिच्या सुरुवातीच्या भागातच जवळजवळ बंद होऊन उघडलेली असते. अशा माणसाला ‘उद्या सकाळी टीएमटी करून घ्या’ असं सांगणं फार धोक्याचं आहे. ट्रेडमिलवर चढवायचं नाही; भरती करायचं आणि अँजिओग्राफीसाठी पाठवायचं.

सहा-सात लीड्समध्ये एसटी खाली आणि एव्हीआरमध्ये वर असेल तर लेफ्ट मेन (डावी मुख्य कोरोनरी) किंवा तिन्ही रक्तवाहिन्यांचा आजार मनात यायलाच हवा. पण हिमोग्लोबिन पाचवर आलेला, रक्तस्राव झालेला किंवा सेप्सिसमधला (अंगभर पसरलेल्या इन्फेक्शनचा) पेशंटही असंच चित्र देतो. आधी डोळ्यांच्या पापण्या, बीपी, ताप बघा.

एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युत वाटेतला अडथळा) असेल तर नेहमीचे आकडे चालत नाहीत. त्यात क्यूआरएस वर असेल तिथे एसटी खाली आणि क्यूआरएस खाली असेल तिथे एसटी वर असणं हेच नॉर्मल. नियम मोडलेला दिसला की सावध व्हा: क्यूआरएस वर आणि एसटीही १ मिलिमीटर वर, किंवा व्ही-१ ते व्ही-३ मध्ये क्यूआरएस खाली आणि एसटीही १ मिलिमीटर खाली. हे स्गार्बोसा यांचे १९९६ चे निकष. तिसरा मूळ निकष ५ मिलिमीटरचा होता. २०१२ मध्ये स्मिथ यांनी तो प्रमाणात बदलला, म्हणजे उलट दिशेची एसटी आधीच्या एस लाटेच्या (क्यूआरएसच्या खाली जाणाऱ्या भागाच्या) चौथ्या हिश्श्याएवढी किंवा जास्त असेल तर बंद रक्तवाहिनी समजायची. पेसमेकरवाल्या पेशंटलाही हीच फूटपट्टी वापरता येते.

नकला भरपूर आहेत. जुन्या बीपीवाल्यांत जाड झालेल्या हृदयामुळे व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी वर दिसते, पण तिथे एस लाटाही तितक्याच खोल असतात. पेरिकार्डायटिसमध्ये (हृदयाच्या आवरणाला सूज) सगळीकडे एसटी वर आणि पीआर (पी आणि क्यूआरएसमधली रेघ) खाली; एव्हीएलमध्ये उलटं काही दिसलं तर पेरिकार्डायटिस म्हणू नका. डायलिसिसचा पेशंट, टोकदार टी आणि रुंद क्यूआरएस म्हणजे पोटॅशियम वाढलंय. व्ही-१ ते व्ही-४ आणि लीड थ्री अशा दोन्हीकडे टी उलटी असेल आणि पेशंटला दम लागत असेल तर फुप्फुसातली गुठळी. पाठीत फाटल्यासारखं दुखतंय, दोन हातांच्या बीपीत मोठा फरक आहे, आणि ईसीजी खालच्या भिंतीचा अटॅक दाखवतोय? महाधमनी उसवलेली असू शकते. तिथे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलंत तर पेशंट हातचा जाईल.

आता तुमच्या कामगाराकडे येऊ. पहिला ईसीजी नॉर्मल, पण दुखतंय. पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी परत काढा, आणि दुखणं वाढलं, कमी झालं, घाम आला की लगेच, घड्याळ न बघता. प्रत्येक पट्टीवर वेळ आणि ‘दुखतंय’ किंवा ‘थांबलंय’ हे हाताने लिहा. जुना ईसीजी घरी असेल तर मुलाला फोटो पाठवायला सांगा. ट्रोपोनिनचं (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचं) साधं कार्ड पहिले तीन-चार तास निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून ३ ते ६ तासांनी दुसरं लागतंच. एसटी वर असेल तर मात्र ट्रोपोनिनसाठी एक मिनिटही थांबायचं नाही.

स्टेमी ठरला की डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) शेजारी आणून पॅड्स लावून ठेवा, कारण पहिल्या तासांत जीव जातो तो बहुतेक व्हीएफने, म्हणजे ठोका पडायच्या ऐवजी हृदय नुसतं थरथरत राहिल्याने. अॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. ऑक्सिजन मात्र सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच द्या. मग हिशोब मांडा: निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत कॅथ लॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात तिथे) बंद रक्तवाहिनीतून वायर पार होईल का? चाकणहून पिंपरी-चिंचवड रात्री दोन वाजता सहज जमतं. शिफ्ट सुटायच्या वेळी तळेगाव चौकातून गाडी काढायची असेल तर तोच रस्ता वेगळा. मंचर, भोर, वेल्ह्याच्या आतल्या गावांना हे गणित बहुधा बसत नाही. बसत नसेल आणि दुखणं सुरू होऊन १२ तास झाले नसतील तर लायसिस, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन. ते सुरू करायला युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं निदानापासून १० मिनिटं सांगतात, अमेरिकन हॉस्पिटलात आल्यापासून ३० मिनिटं. टेनेक्टेप्लेज वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, मग दर दहा किलोंना ५ वाढवत ९० च्या पुढे ५०; पंच्याहत्तरीपुढे निम्मा डोस. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत, बीपीवर लक्ष ठेवून. सोबत क्लोपिडोग्रेल ३०० (पंच्याहत्तरीपुढे ७५) आणि हेपॅरिन. आधी विचारून घ्या: मेंदूत कधी रक्तस्राव, अलीकडे पक्षाघात, डोक्याला मार, मोठं ऑपरेशन, चालू रक्तस्राव. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते उतरवा.

कार्डिओलॉजिस्टला व्हॉट्सअॅपवर पट्टी पाठवताना ती सपाट टेबलावर ठेवा, फ्लॅश बंद, सरळ वरून फोटो, बाराही लीड्स आणि सुरुवातीचा कॅलिब्रेशनचा चौकोन दिसला पाहिजे. नाव झाका, वय, दुखणं कधी सुरू झालं, बीपी आणि आत्ता दुखतंय का हे लिहा. ‘सर, हा ईसीजी बघा’ एवढ्याच मेसेजवर कुणालाही नीट मत देता येत नाही. पेशंट हलवताना नातेवाइकाची कार नको; १०८ ची डिफिब्रिलेटर असलेली गाडी किंवा तशीच कार्डिअॅक अॅम्ब्युलन्स मागवा.

लायसिसनंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी परत हवाच. सगळ्यात जास्त वर गेलेल्या लीडमध्ये एसटी निम्म्याने खाली आली नाही किंवा दुखणं तसंच राहिलं, तर औषध लागू पडलेलं नाही; ताबडतोब अँजिओप्लास्टीसाठी हलवा. उतरली तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी लागते, त्यामुळे इंजेक्शन दिल्या दिल्या रवानगीची तयारी सुरू करा.

सगळे ईसीजी सारखे, दोन्ही ट्रोपोनिन निगेटिव्ह आणि दुखणं थांबलेलं असेल तर सोडायचा विचार करता येतो, एक-दोन दिवसांत कार्डिओलॉजिस्टची भेट ठरवून. नातेवाईक त्याआधीच न्यायचं म्हणाले तर नुसती सही घेऊन मोकळे होऊ नका. पेशंटच्या बायकोला किंवा भावाला समोर बसवून साध्या मराठीत सांगा: ‘पहिल्या पट्टीत अटॅक न दिसणं आणि अटॅक नसणं वेगळं आहे, मला अजून सहा तास हवेत.’ बहुतेक लोक थांबतात. जाणाऱ्यांच्या हाती सगळ्या पट्ट्यांची झेरॉक्स द्या, कारण थर्मल कागदावरची रेघ काही महिन्यांत उडून जाते.